दुसऱ्याच्या चेनला दिलेली कडी

आबा, त्या दिवशी तुम्ही मुकादमांना "मला कुठं जायचंय?" असं का म्हणालात, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. मायला विचारलं की ती चुलीत फुंकर घालते आणि धूर डोळ्यांत गेल्यासारखं करते. मुकादमांनाही विचारून झालं. आता विचारायचे राहिलात ते तुम्हीच, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला बसले तर आधी खोकला आठवतो. मी बी.ए. झाले. आपल्या घरातली पहिली. कॉलेजात आम्हाला कारणं लिहायला शिकवलं. दुष्काळाची कारणं, सहकारी चळवळीच्या यशाची कारणं, अपयशाची कारणं. मी ती चांगली लिहायचे. तुमच्या या एका वाक्याचं कारण मात्र लिहायला घेतलं की पहिल्याच ओळीशी थांबते. म्हणून आज कारण लिहीत नाही. जे पाहिलं ते लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही आणि माय पाझर तलावाच्या कामावर जायचात. तुम्ही खडी फोडायचात, माय पाटी वाहायची. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं, आणि त्या दिवशी आपल्या दारात सायकली यायच्या. तेरच्या एका सायकलच्या दुकानात तुम्ही लग्नाआधी काम केलं होतं, तेवढंच तुमचं शिक्षण. पंक्चर, ब्रेक, बॉलबेअरिंग सगळं करायचात, पण लोक यायचे ते मुख्यतः चेनसाठी. मुरमाच्या रस्त्यावर, धुळीत, पाण्याचे डबे लादून चालवलेल्या सायकली. चेनी ताणून ढिल्या पडायच्या, उतरायच्या, तुटायच्या. नवी चेन कुणाच्याच आवाक्यात नव्हती. मग तुम्ही कडी काढून चेन आखूड करून द्यायचात. हत्यार म्हणजे एक लहान हातोडी, टोक घासून बोथट केलेला एक जाड खिळा आणि एक मोठा नट. घरात सपाट दगड एकच होता, मायचा पाटा. तो तुम्ही उंबऱ्याशी, उजेडात, पालथा घालायचात. पहिल्यांदा घातलात तेव्हा माय ओरडली होती, "राकेलचा वास लागला की मिरची कशावर वाटू?" मग वाटायची मिरचीही संपली. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं स्वतःच पाटा उचलून तुमच्यापुढं आणून ठेवला. "घ्या. वाटायला काय ऱ्हायलंय घरात? आता सायकलीच वाटा."

तुम्ही हसलात. मी चेन धरून बसले होते. चेन रॉकेलच्या वाटीतून काढून फडक्यानं पुसायची, नटावर नीट बसवायची, म्हणजे ठोकलेल्या पिनेला खाली उतरायला जागा मिळते, हे मी तेव्हा शिकले. एकटी कडी काढता येत नाही, जोडीच काढावी लागते, एक आतली आणि एक बाहेरची. नाहीतर टोकाला टोक जुळत नाही. तुम्ही एकदा हातोडी माझ्या हातात दिलीत. मी जोर लावून ठोकत राहिले आणि पिन पार बाहेर पडली, जमिनीवर टणकन वाजली. मला वाटलं, किती छान काढली. तुमचा चेहरा उतरला. "पार भायेर काढली व्हय? आता घाल आत." मी दुपारभर बसले. पिन भोकाशी धरते, ती तिरकी होते, बोटावर हातोडी बसते. तुम्ही शेजारी दुसरी चेन करीत होतात, माझ्याकडं बघत नव्हतात. शेवटी मी रडायला लागले तेव्हा म्हणालात, "भायेरच्या पट्टीत जराशी अडकून ठिवायची असती ती. पार सुटली की परत बसवताना जीव जातो." आणि माझ्या हातून घेऊन, दोन-चार अलगद ठोक्यांत बसवलीत. जोडलेली कडी ताठ राहते; ती दोन्ही अंगठ्यांनी आडवी वाकवून मोकळी करायची, हेही त्याच दिवशी दाखवलंत. माझ्या आयुष्यातला तुमचा तो एकच रागाचा दिवस मला आठवतो, आणि त्यातही तुम्ही आवाज चढवला नव्हता.

ज्यांच्या सायकली तुम्ही करायचात ते वस्तीत यायचे नाहीत. आपण बौद्ध झाल्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, घरात तसबिरी बदलल्या होत्या, पण वस्तीची कड जिथं होती तिथंच राहिली होती. कडेला बाभळीखाली ते सायकल सोडायचे, तुम्ही ढकलत आणायचात, करून परत ढकलत न्यायचात. मग मालक तांब्यातलं पाणी सीटवर आणि हँडलवर शिंपडायचा आणि बसून जायचा. विहिरींना तळ दिसत होता, टँकर यायचा तो गावातल्या विहिरीत पाणी सोडायचा आणि तिथून कुणी वरून ओतलं तरच आपल्या घागरीत पडायचं. अशा दिवसांत सायकलीवर शिंपडायला पाणी होतं. पुढं तांब्याच्या जागी लहान गडवा आला, मग नुसती बोटं भिजवून झटकणं आलं, पण झटकणं काही सुटलं नाही. शेजारची आत्या, जिला तुम्ही तोंडाळ म्हणायचात, ती एकदा घागर घेऊन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "लोखंडाला इटाळ न्हाय म्हणत्यात की हो पाटील. मंग पाणी कुणाला पाजायलाव, सायकलीला? तिला तहान न्हाय लागली. हिकडं वता, हिकडं." आणि घागर पुढं केली. आम्ही पोरं लई हसलो. पाटलांनी तिच्या घागरीत पाणी ओतलं नाही, पण त्या दिवशी शिंपडलंही नाही. तसेच गडवा घेऊन सायकलीवर बसून गेले.

एक माणूस मात्र बाभळीशी थांबत नव्हता. कामावरचे मुकादम. गावातलेच, बऱ्या शेतीवाडीचे, पण सायकल घेऊन थेट आपल्या दारापर्यंत यायचे आणि आपल्या कपातून चहा प्यायचे. गुळाचा, बिनदुधाचा. माय म्हणायची, "ह्यो एकच माणूस." ते आले की तुम्ही बसल्या जागेवरून उठायचात आणि ते उठणं भीतीचं नसायचं, एवढं मला त्या वयातही कळायचं.

त्या बाजाराच्या दिवशी ते सकाळीच आले. सायकल हातानं ढकलत, घामानं निथळत. मागच्या मडगार्डची सुटलेली पट्टी चेनमध्ये अडकून चेन पिळवटली होती, एका जागी तुटली होती आणि शेजारच्या कड्या वाकल्या होत्या. कॅरिअरला कापडात बांधलेलं मस्टर होतं, टोळीच्या हजेरीचं. ते त्याच दिवशी धाराशिवच्या कचेरीत पोचलं नाही तर सगळ्या टोळीची धान्याची कुपनं पुढच्या आठवड्यावर जाणार होती. आपली, आत्याची, अख्ख्या वस्तीची. तुम्ही चेन हातात घेऊन उजेडाकडं धरली. "दोन जोड्या गेल्या," म्हणालात. "आखूड केली तर चाकापर्यंत पोचायची न्हाय." मुकादम उंबऱ्याशीच खाली बसले. "मंग रं?"

मी चेन धरायला आले होते. आत माय धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. धाकटीला पहाटेपासून जुलाब होत होते. ओढ्यात उकरलेल्या झऱ्याचं गढूळ पाणी सगळ्याच पोरांना बाधत होतं, वस्तीत दर घराला एक पोर असं निजलेलं होतं, त्यामुळं घाबरून जावं असं कुणाला वाटलं नव्हतं. पण माय आतून तुम्हाला म्हणाली होती, मी ऐकलं होतं, "आज पोरगी लई मलूल हाय, डोळं उघडीना." तुम्ही "हं" म्हणाला होतात.

तुम्ही उठलात, भिंतीला टेकवलेली आपली सायकल आडवी केलीत आणि तिची चेन उतरवली. आपली चेन तशीच म्हातारी. तिच्यातली एक जोडी तुम्ही आधीच काढलेली होती आणि मागचं चाक पुढं सरकवत सरकवत खाचेच्या टोकाला आणलेलं होतं. तिच्यातून आणखी काढायचं म्हणजे ती सायकल भिंतीलाच राहणार. मुकादमांनाही ते दिसत होतं. ते म्हणाले, "आरं, मंग तुझी सायकल कशी चालंल?" आणि तुम्ही, पिनेवर खिळा टेकवून, वर न बघता म्हणालात, "मला कुठं जायचंय?"

मी ते रोज ऐकते, आबा. तुम्ही ते हसत म्हणाला होतात का, हे आठवायचा प्रयत्न करते. नव्हता हसत. सहज म्हणाला होतात, जसं कुणी पाणी विचारल्यावर नको म्हणावं. मग आपल्या चेनमधल्या दोन जोड्या मुकादमांच्या चेनमध्ये बसवल्यात, कड्या वाकवून मोकळ्या केल्यात, पेडल उलटं फिरवून बघितलंत. मुकादम म्हणाले, "सांजच्याला नव्या कड्या घेऊनच येतो." आणि गेले. चहा घ्यायला थांबले नाहीत, घाई होती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा धाकटीचे डोळे आत गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहत होती. आत्यानं येऊन बघितलं आणि तुम्हाला म्हणाली, "बघत काय बसलाव? तेरला घेऊन जावा डाक्टरकडं." सकाळची एस.टी. निघून गेलेली. बैल चारा छावणीत, त्यामुळं गावात गाडी जुंपता येत नव्हती. आणि आपली सायकल भिंतीला, चेन खिळ्याला लोंबकळत. तुम्ही गावात गेलात. मी मागं आले. पहिल्या घरी सायकल ओसरीला टेकवलेली होती, तिची चेन मागच्याच बाजारी तुम्ही केली होती. मालक म्हणाला, "चाकात हवा न्हाय." तुम्ही वाकलात आणि टायरवर अंगठा दाबलात. अंगठा आत गेला नाही. तुम्ही त्याच्याकडं बघितलं नाही, टायरकडंच बघत उभे राहिलात, मग म्हणालात, "बरं." दुसऱ्या घरी म्हातारे बाबा होते, ते "ने बाबा, ने" म्हणत उठलेही होते. आतून त्यांची सून म्हणाली, "हगवण लागलीया पोरीला. कॅरिअर भरलं तर धुवायला पाणी कुठाय?" म्हातारे बाबा उभेच राहिले. तिसऱ्या घरी तुम्ही गेला नाहीत.

तेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा धाकटी तुमच्या खांद्यावर होती, डोक्यावर मायच्या लुगड्याचा ओला तुकडा. माय सोबत निघाली होती, पण पाट्या वाहून तिच्या पायाला जखम झालेली, वेशीबाहेर येईतो ती बसली. तुम्ही तिला थांबायला सांगितलंत आणि पाण्याचा तांब्या माझ्या हातात आला. तुम्ही पुढं, मी मागं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामाच्या खडीचे ढीग, एकसारखे, मोजमाप घेऊन रचलेले. धाकटीचा हात तुमच्या पाठीवर पडला होता आणि तुमच्या चालीबरोबर हलत होता. तरी त्यात मधूनच बोटांची तिची स्वतःची एक हालचाल होती, सदरा ओढल्यासारखी. मी त्या बोटांकडं बघत चालत होते. मग ती हालचाल थांबली. हात हलत राहिला, पण तो आता फक्त तुमच्या चालीनं हलत होता. मी म्हणाले, "आबा." तुम्ही थांबला नाहीत. मी पुन्हा म्हणाले, "आबा, धाकटी." तुम्ही मागं न वळता म्हणालात, "पाणी सांडू नको." आणि चालत राहिलात, तेरच्या दवाखान्याच्या पायरीपर्यंत चालत राहिलात. तुम्हाला कधी कळलं, आबा? मला वाटतं, माझ्या आधी कळलं होतं.

सांजेला मुकादम कागदात गुंडाळलेल्या नव्या कड्या घेऊन आले. वस्तीत शिरताना रडणं ऐकून त्यांनी सायकल तिथंच टाकली असावी, कारण ते चालत आले होते. दारात उभे राहिले. तुम्ही उठलात, नेहमीसारखे. त्यांच्या हातातला कागद घेतलात आणि म्हणालात, "कुपनं मिळाली का?" ते म्हणाले, "मिळाली." तुम्ही मान हलवलीत. त्या आठवड्याची कुपनांवरची मिलो ज्वारी वस्तीत सगळ्या घरांत आली. आपल्याही. मायनं तिच्या लाल भाकरी केल्या आणि आपण त्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या कड्या बसवून आपली चेन जोडलीत. मी धरायला आले तर म्हणालात, "ऱ्हाऊ दे." पुढंही तुम्ही लोकांच्या चेनी करीत राहिलात. ज्याच्या चाकात हवा नव्हती, त्याचीही केलीत. माय त्या सायकलवर कधीच बसली नाही. खडीची धूळ तुमच्या छातीत साठत गेली आणि मी नववीत असताना एका सकाळी खोकला थांबला. या सगळ्या वर्षांत तुम्ही धाकटीचं नाव एकदाही घेतलं नाहीत, मुकादमांबद्दल वाईट शब्द काढला नाहीत. मायनं मात्र मला शाळेतून काढायचं नाव काढलं नाही. लोक म्हणायचे, पोरगी हाय, शिकून काय करणार. ती म्हणायची, "करील की न्हाय ते तिचं ती बघंल. तुमच्या दारात मागायला यायची न्हाय."

आता पुढचं. तुम्हाला ठाऊक नाही ते. गावात दूध सोसायटी निघाली आहे. दुष्काळानंतर संकरित गाई आल्या, योजनेतून वस्तीतल्या बायकांनाही मिळाल्या. आत्याच्या दारातही एक आहे, पांढऱ्या कपाळाची; ती तिच्याशी माणसासारखी भांडते. मुकादम सोसायटीचे चेअरमन आहेत. पदवीचा निकाल लागला आणि ते आपल्या घरी आले, चहा प्यायले, आता दुधाचा, आणि म्हणाले, "पोरी, सचिव म्हणून ये. शिकल्यालं माणूस पाहिजे." मी त्या दिवशी त्यांना तुमच्या त्या वाक्याबद्दल विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मला ठावं नव्हतं गं पोरगी आजारी हाय. त्यानं सांगितलं असतं तर म्या चालत गेलो असतो धाराशिवला. इचारलं बी होतं की म्या." नंतर, जाताना दारात थांबून म्हणाले, "तुझ्या बापासारखा माणूस न्हाय बघितला. काई मागितलं न्हाय कधी." ते हे कौतुकानं म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्यांचा कप उचलला आणि विसळायला घेतला.

सचिवपदाला मी हो म्हणाले. सहकाराबद्दल मी वाचलं होतं आणि खरंच सांगते, मला ते पटलं होतं. सगळ्यांचं थोडं थोडं एका जागी आलं की कुणी एकटा पडत नाही, असं मी परीक्षेत लिहिलं होतं. पहिल्या सकाळी सोसायटीत गेले तर तिथं मोठ्या कॅनांच्या रांगेपासून दूर, भिंतीबाहेर, एक कॅन होतं, गळ्याला लाल रंगाचा पट्टा ओढलेलं. वस्तीचं दूध त्यात. मापही वेगळं. मी चेअरमनांना विचारलं. ते म्हणाले, "तिकडं शीतकरण केंद्रात एकाच टाकीत जातंय सगळं. हे कुणाला ठावं न्हाय असं न्हाय. पर हितं डोळ्याला दिसता कामा नये. दिसलं की निम्मं गाव दूध घालायचं बंद करील, मंग सोसायटीच ऱ्हायची न्हाय, वस्तीचं दूध बी घरातच नासंल. जरा दम धर. दिवाळीनंतर बघू." मी दम धरला. दिवाळी झाली. मग म्हणाले, सोसायटीची निवडणूक होऊ दे.

उन्हाळा लागला आणि लाल पट्ट्याचं कॅन रोज नासायला लागलं. मोठी कॅनं सावलीत, आणि टेम्पोत आधी चढायची. हे भिंतीबाहेर उन्हात उभं राहायचं आणि सर्वांत शेवटी, दाराशी, तापलेल्या पत्र्याला लागून बसायचं. केंद्रावरून परत यायचं ते फाटलेलं दूध घेऊन. मी ते बायकांना सांगायचे, कारण सांगणं माझं काम. आत्या एकदा फाटलेल्या दुधाकडं बघत म्हणाली, "पन्नीर करून गावाला वाटू का गं? ते तरी खातील का?" दुसऱ्या एका बाईनं ते कॅन तिरकं करून आपल्या वाट्याचं दूध गटारीत सोडलं आणि बघत उभी राहिली. तिच्या गाईला चारा आणायला ती रोज कुठवर जाते ते मला माहीत आहे. ती मला म्हणाली, "गाय इकून टाकते. एवढी मरमर करून वतायचंच असलं तर."

मी पुन्हा चेअरमनांकडं गेले. निदान कॅन सावलीत ठेवू द्या म्हणाले. ते म्हणाले, "आत ठिवलं की आत आलंच की ते." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून, मायेनं, म्हणाले, "तू तुझ्या बापाची पोरगी हायेस. तुला कळतंय." आणि मला कळलं, आबा. त्या हाताखाली उभी असताना मला कळलं की हा चांगला माणूस आहे आणि चांगला माणूस म्हणूनच तो वस्तीकडून पुन्हा पुन्हा मागत राहील. आणि आपण, आपल्याला कुठं जायचंय, म्हणत देत राहू.

काल सकाळी टेम्पो आला तेव्हा मी लाल पट्ट्याचं कॅन भिंतीबाहेरून आत आणलं, झाकण काढलं आणि रांगेतल्या अर्ध्या भरलेल्या मोठ्या कॅनात ओतलं. शेवटच्या थेंबापर्यंत. तिथं चार-सहा माणसं होती, चेअरमन होते. आधी कुणाला समजलंच नाही. मग एकजण म्हणाला, "आगं, आगं, आता कुणाचं कुठलं, कसं काढायचं हे?" मी म्हणाले, "काढून दाखवा." चेअरमन पुढं आले. "काय केलंस पोरी हे?" टेम्पोचा ड्रायव्हर बाहेरगावचा, त्याला उशीर होत होता. तो ओरडला, "ओ काका, भांडा नंतर. तिकडं टाकी एकच हाय, नळी एकच हाय. झाकणं लावा, ऊन व्हायलंय." आणि त्यानं स्वतःच झाकण ठोकून कॅन उचललं.

दूध फाटलं नाही. केंद्रावर सगळं उतरलं. आज सकाळी मात्र गावातली निम्मी माणसं आली नाहीत, चेअरमन म्हणाले होते तसंच झालं. वस्तीतल्या दोघी माझ्यावरच चिडल्या, "तुझ्यापायी आमचं बी बंद हुईल" म्हणाल्या. त्यांचं चूक आहे असं मला म्हणता येत नाही. आत्या दूध घेऊन आली आणि कुणी बघतंय की नाही हे बघत, मोठ्यानं खाकरून, तिनं ते मोठ्या कॅनात ओतलं. मायनं आज डब्यात भाकरी जास्त बांधली होती. दुपारी चेअरमन आले. सभा बोलवावी लागणार, म्हणाले. "तू एवढंच म्हण, चुकून वतलं. नवीन हायेस, गर्दीत कळलं न्हाय. म्या सांभाळून घेतो." त्यांना मला खरंच वाचवायचं आहे. मी म्हणाले, "चुकून नाही काका. बघून ओतलं. सभेतही तेच सांगेन." ते चहा न घेता गेले. सभा परवा आहे. माझं काम राहील असं मला वाटत नाही. सोसायटी राहील की नाही, तेही ठाऊक नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मायला वाचता येत नाही, त्यामुळं तुम्हाला खरं तेच सांगते. कॉलेजात मी धैर्यावर भाषण केलं होतं आणि टाळ्या मिळाल्या होत्या. काल ते भाषण कामाला आलं नाही. ज्याच्या चाकात त्या दिवशी हवा नव्हती, तो माणूस काल दूध घालायला आला होता. त्याचा आवाज मोठा आहे, अंगावर धावून येतो. तो दूध घालून, रिकामी चरवी घेऊन कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी कॅनाला हात लावला नव्हता.